वर्ग करा, बाकी घ्या, बाण काढा : मॉड्युलो वर्गाचा आलेख क्रमाने कसा उभारावा

एखाद्या संख्येचा वर्ग करायचा, ठरलेल्या संख्येने (तिला मॉड्युलस म्हणतात, आणि तिने भागून बाकी घेण्याला मॉड्युलो) भागून बाकी घ्यायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग करायचा आणि हेच करत राहायचे, एवढ्या साध्या कृतीत तीन विषय एकत्र येतात. कृती पुनःपुन्हा केल्याने संख्या कुठे जाऊन पोहोचते हा गतिकीय प्रणालींचा प्रश्न आहे. प्रत्येक संख्येपासून तिच्या वर्गाच्या बाकीकडे बाण काढला की दिष्ट आलेख, म्हणजे बाणांनी जोडलेल्या बिंदूंचे जाळे, तयार होतो. आणि त्या आलेखाचा आकार कसा असेल हे संख्या सिद्धांत आधीच सांगू शकतो. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या बी.एस्सी.च्या प्रकल्पवह्यांत हा विषय वारंवार दिसतो आणि बहुतेक वेळा ठरावीक जागीच फसतो. आकडेमोड अवघड असते म्हणून असे होत नाही, टप्प्यांचा क्रम उलटा धरलेला असतो म्हणून होते. आधी चित्र काढायला घेतले जाते, मग चित्राला जुळेल असे सूत्र शोधले जाते, आणि दोन्हींत तफावत आली की चूक चित्रात आहे की सूत्रात हे कळायला मार्ग उरत नाही.

उदाहरणांच्या संख्या शक्य तिथे रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्यांवरून घेतल्या आहेत : ठाण्याचा ०४, कल्याणचा ०५, नवी मुंबईचा ४३ आणि पनवेलचा ४६. त्यांत दोन मूळ संख्या आहेत, एक पूर्ण वर्ग आहे आणि एक दोन निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार आहे, म्हणजे लागणारे बहुतेक प्रकार आयतेच मिळतात.

## पूर्वतयारी

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि दोन रंगांची पेने एवढे साहित्य पुरते. वहीत तीन वेगळी पाने राखून ठेवावीत : एक कोष्टकासाठी, एक भाकितासाठी आणि एक चित्रासाठी. कोष्टक आणि भाकीत एकाच पानावर मांडले की डोळा नकळत एकाकडे पाहून दुसरे दुरुस्त करतो, आणि ताळ्याला काही अर्थ राहत नाही.

पुढे वापरलेले शब्द आधी पक्के करून घ्यावेत. आलेखातली प्रत्येक संख्या म्हणजे एक शिरोबिंदू. प्रत्येक शिरोबिंदूतून नेमका एकच बाण निघतो. येणारे बाण मात्र शून्य, एक, दोन किंवा अधिक असू शकतात. ज्या शिरोबिंदूकडे एकही बाण येत नाही ते पान. बाणांच्या दिशेने चालत गेल्यावर जो शिरोबिंदू पुन्हा भेटतो तो चक्रावर असतो. चक्रावर पोहोचेपर्यंत जितके बाण ओलांडावे लागतात ती शेपटीची लांबी. शिरोबिंदूंची संख्या मर्यादित असल्यामुळे कुठूनही निघाले तरी कधी ना कधी चक्र गाठावेच लागते, आणि एकाच बाणाची सक्ती असल्यामुळे एकदा चक्रात शिरल्यावर बाहेर पडता येत नाही. म्हणून आलेखाच्या प्रत्येक घटकात, म्हणजे बाणांनी एकमेकांशी जोडलेल्या प्रत्येक गटात, नेमके एकच चक्र असते आणि त्याला बाहेरून वृक्ष लटकलेले असतात.

## टप्पा १ : मॉड्युलस पारखून घेणे

निवडलेली संख्या मूळ आहे की संयुक्त, हे सर्वांत आधी ठरवावे. पुढची सूत्रे मूळ संख्येला सरळ लागू पडतात. संयुक्त संख्येला ती तशीच लावली तर उत्तर चुकते, आणि वाईट असे की ते चुकलेले उत्तरही दिसायला नीटनेटके असते. ५१, ५७ आणि ९१ या संख्या दिसायला मूळ वाटतात, पण त्या अनुक्रमे ३ × १७, ३ × १९ आणि ७ × १३ आहेत. ९१ मूळ समजून केलेली प्रकल्पाची पानेच्या पाने वाया जातात, म्हणून भागून पाहण्याचा आळस करू नये.

मॉड्युलस मूळ असेल, त्याला प म्हणू, तर प − १ चे अवयव पाडून कोपऱ्यात लिहून ठेवावेत. ४३ साठी ४२ = २ × ३ × ७; १३ साठी १२ = २ × २ × ३; ४१ साठी ४० = २ × २ × २ × ५. या अवयवांचे काम पाचव्या टप्प्यात आहे, तोवर त्यांच्याकडे पाहू नये.

सावधान : अवयव प चे नव्हे, प − १ चे पाडायचे आहेत. ही चूक ऐकायला हास्यास्पद वाटते, पण घाईत ती होते.

## टप्पा २ : कोष्टक

० पासून प − १ पर्यंत प्रत्येक संख्येच्या वर्गाची बाकी लिहावी. क्ष आणि प − क्ष या दोन्हींच्या वर्गांची बाकी सारखीच येते, त्यामुळे निम्मेच काम करावे लागते. ४३ साठी १ ते २१ पर्यंतचे कोष्टक असे येते :

१→१, २→४, ३→९, ४→१६, ५→२५, ६→३६, ७→६,
८→२१, ९→३८, १०→१४, ११→३५, १२→१५, १३→४०, १४→२४,
१५→१०, १६→४१, १७→३१, १८→२३, १९→१७, २०→१३, २१→११

२२ पासून पुढे हेच आकडे उलट्या क्रमाने येतात : २२ चा बाण २१ च्याच ठिकाणी, म्हणजे ११ कडे जातो, २३ चा २० च्या ठिकाणी, म्हणजे १३ कडे, आणि शेवटी ४२ चा १ कडे. ० चा बाण ० कडेच वळतो आणि तोही कोष्टकात लिहायचा असतो. शून्य गाळणे ही या टप्प्यावरची सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि तिच्यामुळे पुढच्या सगळ्या बेरजा एकाने कमी पडतात.

पहिला ताळा : १ ते २१ च्या उजवीकडच्या बाक्यांत एकही आकडा दोनदा येता कामा नये. मूळ मॉड्युलससाठी दोन संख्यांचे वर्ग सारखे येतात ते त्या संख्या सारख्या असतील किंवा त्यांची बेरीज प असेल तेव्हाच, आणि पहिल्या अर्ध्या भागात अशी जोडी सापडत नाही. आकडा दोनदा आला असेल तर त्या दोनपैकी एक ओळ नक्की चुकलेली आहे.

दुसरा ताळा : याच बाक्यांची बेरीज करावी. प ही ३ पेक्षा मोठी मूळ संख्या असेल तर ती बेरीज प ने निःशेष भागली गेली पाहिजे. वरच्या कोष्टकाची बेरीज ४३० येते, म्हणजे ४३ × १०. १३ साठी १, ४, ९, ३, १२, १० यांची बेरीज ३९ येते. एकच ओळ चुकली असेल तर ती या ताळ्यातून सुटत नाही. दोन बाक्यांची अदलाबदल झाली असेल तर मात्र बेरीज तशीच राहते, तेवढ्यापुरता डोळाच वापरावा लागतो.

## टप्पा ३ : पाने खुडणे

आता चक्रावरचे शिरोबिंदू वेगळे काढायचे आहेत. बरेच जण ० पासून सुरुवात करून एकेका संख्येचा माग काढत बसतात आणि तोच रस्ता अनेकदा चालतात. त्यापेक्षा उलट्या बाजूने जावे. प्रत्येक शिरोबिंदूकडे किती बाण येतात ते कोष्टकाशेजारच्या रकान्यात लिहावे. जिथे शून्य असेल तो शिरोबिंदू खोडावा, आणि त्याचा बाण ज्याच्याकडे जात होता त्याच्या रकान्यातून १ वजा करावा. एक फेरी पूर्ण झाली की नव्याने शून्य झालेल्यांसाठी दुसरी फेरी घ्यावी. खोडण्यासारखे काही उरले नाही की थांबावे. जे शिल्लक राहिले तेच चक्रावरचे.

१३ साठी पहिल्या फेरीत २, ५, ६, ७, ८ आणि ११ खुडले जातात. त्यांचे बाण ४, १२ आणि १० कडे जात होते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत ४, १० आणि १२ जातात. तिसऱ्या फेरीला काही राहत नाही. उरतात ०, १, ३ आणि ९.

४३ साठी एकाच फेरीत २१ शिरोबिंदू जातात आणि २२ उरतात.

सावधान : फेऱ्या एकमेकींत मिसळू नयेत. पहिली फेरी चालू असतानाच जो शिरोबिंदू नव्याने शून्यावर आला तो लगेच खोडला तर चक्र बरोबरच सापडते, पण फेऱ्यांची संख्या चुकते, आणि ती संख्या पुढे लागते : जितक्या फेऱ्या, तितकी आलेखातली सर्वांत लांब शेपटी. प्रत्येक फेरीला वेगळा रंग वापरला की गोंधळ होत नाही.

## टप्पा ४ : चक्रे चालून पाहणे

उरलेल्यांपैकी सर्वांत लहान संख्या घ्यावी, बाणांच्या दिशेने चालावे, परत तिथेच आले की चक्र लिहून बंद करावे, आणि न वापरलेल्यांपैकी पुढची लहान संख्या घ्यावी. ४३ साठी हे असे येते :

०→०
१→१
४→१६→४१→४
६→३६→६
९→३८→२५→२३→१३→४०→९
१०→१४→२४→१७→३१→१५→१०
११→३५→२१→११

चालताना मोठ्या संख्यांचे वर्ग करत बसू नये. ४१ म्हणजे उणे २, त्याचा वर्ग ४. ३८ म्हणजे उणे ५, त्याचा वर्ग २५. ३६ म्हणजे उणे ७, त्याचा वर्ग ४९, म्हणजे ६. अर्ध्याहून मोठी संख्या आली की आधी प मधून वजा करून घेण्याची सवय लावली की तोंडी हिशेबही चुकत नाही.

ताळा : चक्रांवरच्या शिरोबिंदूंची बेरीज तिसऱ्या टप्प्यात उरलेल्या संख्येइतकी आली पाहिजे. इथे १ + १ + ३ + २ + ६ + ६ + ३ = २२. एखादा शिरोबिंदू दोन चक्रांत आला असेल तर कोष्टकात परत जावे, कारण एकच बाण निघत असताना हे घडणे अशक्य आहे.

## टप्पा ५ : भाकीत, वेगळ्या पानावर

या टप्प्यावर थोडे जास्त रेंगाळावे लागेल, कारण तिन्ही विषयांची सांगड इथेच बसते आणि चुकाही इथेच सर्वांत अधिक होतात.

शून्य सोडून कोणतीही संख्या घेतली तर तिच्या कितव्या घाताची बाकी पहिल्यांदा १ येते, त्या आकड्याला तिची ऑर्डर म्हणतात. ऑर्डर नेहमी प − १ ची विभाजक असते. ऑर्डर सम असेल तर वर्ग केल्यावर ती निम्मी होते. विषम असेल तर वर्ग करूनही ती बदलत नाही. त्यामुळे वर्ग करत गेले की ऑर्डरमधला २ हा अवयव एकेका पावलाला एकेकदा गळून पडतो, आणि तो पूर्ण संपला की पुढची सगळी चाल त्याच विषम ऑर्डरच्या संख्यांमध्ये फिरत राहते. यावरून दोन गोष्टी लगेच मिळतात : चक्रावर असणे म्हणजे ऑर्डर विषम असणे, आणि शेपटीची लांबी म्हणजे ऑर्डरमध्ये २ हा अवयव जितक्या वेळा येतो तो आकडा.

आता प − १ मधून २ जितक्या वेळा काढता येईल तितक्या वेळा काढावा. तो आकडा क, आणि उरलेला विषम भाग म. ४३ साठी क = १, म = २१; १३ साठी क = २, म = ३; ४१ साठी क = ३, म = ५. भाकीत पुढीलप्रमाणे मांडावे.

शून्य वगळता चक्रांवर एकंदर म शिरोबिंदू असतील. सर्वांत लांब शेपटी क इतकी असेल. चक्रांची लांबी काढण्यासाठी म चे सगळे विभाजक लिहावेत, आणि प्रत्येक विभाजक ड साठी २ ची मॉड्युलो ड ऑर्डर काढावी. तीच त्या चक्राची लांबी. ड ऑर्डर असलेल्या संख्या फाय(ड) इतक्या असतात, म्हणजे ड पर्यंतच्या संख्यांपैकी ड शी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) जितक्या असतील तितक्या. त्यांना लांबीने भागले की चक्रांची संख्या मिळते.

४३ चे भाकीत करून पाहू. २१ चे विभाजक १, ३, ७ आणि २१.

ड = १ : एक संख्या, लांबी १, एक चक्र.
ड = ३ : २ च्या घातांच्या बाक्या २, १. लांबी २. फाय(३) = २. एक चक्र.
ड = ७ : २, ४, १. लांबी ३. फाय(७) = ६. दोन चक्रे.
ड = २१ : २, ४, ८, १६, ११, १. लांबी ६. फाय(२१) = १२. दोन चक्रे.

एकूण १ + २ + ६ + १२ = २१. चौथ्या टप्प्यातली यादी उघडून पाहिली तर शून्य सोडून एक १ चे, एक २ चे, दोन ३ ची आणि दोन ६ ची चक्रे तिथे मिळतात.

सावधान, तीन ठिकाणी :

२ ची ऑर्डर मॉड्युलो ड काढायची आहे, मॉड्युलो प नाही. मॉड्युलो ४३ पाहिली तर २ ची ऑर्डर १४ येते, आणि १४ लांबीचे चक्र या आलेखात कुठेच नाही. तपासायला येणाऱ्या दर दुसऱ्या वहीत हा १४ भेटतो.

फाय(ड) ही चक्राची लांबी नाही. २१ साठी १२ लांबीचे एक चक्र लिहून मोकळे होणे सोपे असते. भागाकार विसरू नये.

ड = १ गाळू नये. तो गाळला की स्वतःभोवती फिरणारा १ हरवतो आणि बेरीज २० वर अडते.

वृक्षांचे भाकीत अधिक सरळ आहे. शून्य सोडून चक्रावरच्या प्रत्येक शिरोबिंदूला एकाच आकाराचा वृक्ष लटकलेला असतो आणि त्यात २ च्या क व्या घातापेक्षा एकने कमी इतके शिरोबिंदू असतात. ४३ मध्ये क = १, म्हणून प्रत्येकाला एकच पान. ४१ मध्ये क = ३, म्हणून प्रत्येकाला सात. ४१ च्या आलेखात १ ला लटकलेला वृक्ष असा आहे : १ कडे ४० येतो, ४० कडे ९ आणि ३२ येतात, ९ कडे ३ आणि ३८, ३२ कडे १४ आणि २७. मोजून सात. याच आलेखातले दुसरे चक्र १०→१८→३७→१६→१० हे आहे, आणि त्यातल्या चारही शिरोबिंदूंना हुबेहूब याच घडणीचे वृक्ष आहेत. बेरीज ५ + ५ × ७ = ४०, आणि शून्य धरून ४१.

कल्याणच्या ०५ मध्ये ४ = २ × २, म्हणजे म = १. शून्य सोडले की एकच घटक उरतो : १ कडे ४ येतो, आणि ४ कडे २ आणि ३. पुढे १७ आणि २५७ मध्येही हेच, फक्त वृक्ष अनुक्रमे ४ आणि ८ पायऱ्या उंच.

ताळा : भाकीत आणि चौथा टप्पा जुळले नाहीत तर चित्राकडे वळू नये. आधी भाकिताची बेरीज म येते का ते पाहावे, कारण ते काम दोन मिनिटांचे आहे. ती बरोबर असेल तर चूक जवळजवळ नेहमीच कोष्टकात सापडते.

## टप्पा ६ : चित्र

आता कुठे पेन्सिल चित्राच्या पानावर टेकवावी. संख्या ०, १, २ अशा क्रमाने वर्तुळावर मांडून बाण काढायला सुरुवात केली की दहाव्या बाणानंतर काहीही वाचता येत नाही. आधी चक्रे काढावीत, मोठे चक्र पानाच्या मध्याजवळ आणि लहान कडेला, आणि चक्रांत पुरेसे अंतर सोडावे; क मोठा असेल तर वृक्षांना बाहेरच्या बाजूस बरीच जागा लागते. मग खुडलेली पाने उलट्या क्रमाने परत लावावीत : शेवटच्या फेरीत खुडलेली सर्वांत आधी, पहिल्या फेरीतली सर्वांत शेवटी. असे केले की बाण एकमेकांना छेदण्याचा प्रश्नच येत नाही.

क = १ असताना कोणते पान कुठे लावायचे हे शोधावेही लागत नाही. चक्रात ज्या शिरोबिंदूकडून बाण येतो, त्याला प मधून वजा केले की पान मिळते. ४३ मध्ये ४ कडे चक्रातून ४१ येतो, म्हणून ४ चे पान २. ९ कडे ४० येतो, म्हणून ९ चे पान ३.

सावधान : बाणाचे टोक वर्गाच्या बाकीकडे असते. वृक्ष चक्राकडे वाहत येतो, चक्रातून बाहेर पसरत नाही. स्वतःकडे वळणारे बाणही स्पष्ट काढावेत. ० आणि १ नुसते ठिपके ठेवले की त्यांच्यातून बाण निघत नाही असा अर्थ होतो.

संगणकावर ग्राफविझ हे आलेख काढण्याचे सॉफ्टवेअर वापरणार असाल तर त्याची डॉट ही नेहमीची मांडणी सगळे बाण वरून खाली नेऊ पाहते आणि चक्रांची ओढाताण होते. सर्को किंवा नीटो मांडणी घेतलेली बरी.

## टप्पा ७ : मॉड्युलस संयुक्त असेल तर

संयुक्त मॉड्युलससाठी पाचव्या टप्प्यातले सूत्र थेट लावू नये. संख्येचे एकमेकांशी सहमूळ असे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याचा आलेख वेगळा काढावा आणि मग ते गुणावेत. चिनी शेषसिद्धांतामुळे प्रत्येक शिरोबिंदू म्हणजे तुकड्यांतल्या शिरोबिंदूंची एक जोडी होते, आणि जोडीतले दोन्ही शिरोबिंदू एकाच वेळी आपापल्या बाणाने पुढे सरकतात.

पनवेलचा ४६ हा २ × २३ आहे. मॉड्युलो २ मध्ये ० आणि १ दोघेही जागीच फिरतात, त्यामुळे ४६ चा आलेख म्हणजे २३ च्या आलेखाच्या दोन प्रती : एक सगळ्या सम संख्यांची, एक सगळ्या विषम संख्यांची. २३ मध्ये २२ = २ × ११ आणि मॉड्युलो ११ मध्ये २ ची ऑर्डर १०, म्हणून १० लांबीचे एक चक्र येते. ४६ मध्ये त्याची सम प्रत २→४→१६→२६→३२→१२→६→३६→८→१८→२ अशी आहे, आणि विषम प्रत २५ पासून सुरू करून चालता येते.

दोन्ही तुकड्यांत १ पेक्षा लांब चक्रे असतील तर जपून हिशेब करावा. लांबी अ आणि ब असलेल्या दोन चक्रांच्या गुणाकारातून लसावि इतक्या लांबीची, पण मसावि इतकी चक्रे निघतात. लसावि सगळ्यांना आठवतो, मसावि विसरला जातो. ९१ = ७ × १३ घेऊ. मॉड्युलो ७ मध्ये २→४→२, मॉड्युलो १३ मध्ये ३→९→३. दोन्हींची लांबी २, म्हणून गुणाकारात २ लांबीची दोन चक्रे यायला हवीत, आणि येतात : १६→७४→१६ आणि ९→८१→९.

ताळा : चक्रांवरच्या शिरोबिंदूंची एकूण संख्या ही तुकड्यांतल्या तशा संख्यांचा गुणाकार असते. मॉड्युलो ७ मध्ये ०, १, २, ४ असे चार, मॉड्युलो १३ मध्येही चार, म्हणून ९१ मध्ये १६. सर्वांत लांब शेपटी मात्र गुणाकाराने नव्हे, तुकड्यांतल्या सर्वांत लांब शेपटीइतकीच येते.

ठाण्याचा ०४ वेगळ्या कारणाने अडवतो. तो २ × २ असला तरी त्याचे दोन २ मध्ये तुकडे करता येत नाहीत, कारण ते सहमूळ नाहीत. तसे केले तर चारही शिरोबिंदू जागीच फिरतात असे चुकीचे उत्तर येते. खरा आलेख असा : २→०, ०→०, ३→१, १→१. इथे शून्यालाही वृक्ष आला. मॉड्युलसमध्ये एखादी मूळ संख्या दोनदा किंवा अधिक वेळा असली की हे घडतेच. ९ मध्ये ३ आणि ६ दोन्ही शून्याकडे जातात. असा तुकडा आला की सरळ कोष्टक आणि पाने खुडण्याचीच पद्धत वापरावी.

## टप्पा ८ : मोठा मॉड्युलस आणि संगणक

हजारांच्या पुढे हाताने कोष्टक करण्यात अर्थ नाही. प्रोग्रॅम लिहिताना वर्गाचा आकडा साठवण्याची जागा पुरेशी आहे का ते आधी पाहावे : ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ४६३४० चा वर्ग मावतो, ४६३४१ चा मावत नाही, आणि सी किंवा जावामध्ये चुकीचा आकडा निमूटपणे पुढे जातो. स्प्रेडशीटमध्ये १५ अंकांच्या पुढची अचूकता धरू नये.

एकाच सुरुवातीपासूनची शेपटी आणि चक्र हवे असेल तर फ्लॉइडची संथ-वेगवान पद्धत वापरावी : एक पाहुणा एकेक बाण चालतो, दुसरा दोन-दोन. त्यात नेहमीची चूक म्हणजे ते जिथे भेटतात तीच चक्राची सुरुवात मानणे. मॉड्युलो ४१ मध्ये ६ पासून निघावे : ६→३६→२५→१०→१८→३७→१६→१०. चार पावलांनी संथ १८ वर असतो आणि वेगवानही १८ वर. चक्राचे प्रवेशद्वार मात्र १० आहे. म्हणून दुसरी फेरी लागते : एकाला पुन्हा ६ वर आणावे, दुसऱ्याला १८ वरच ठेवावे, आणि दोघांना एकेक बाण चालवावे. ३६ आणि ३७, २५ आणि १६, मग दोघे १० वर. तीन पावले, म्हणजे शेपटी ३. त्यानंतर १० पासून परत १० येईपर्यंत मोजले की चक्र ४.

सावधान : तुलना पाऊल टाकल्यानंतर करावी. सुरुवातीला दोघे एकाच जागी उभे असतात, आणि आधी तुलना करणारा प्रोग्रॅम पहिल्याच क्षणी थांबतो.

## टप्पा ९ : फल बदलल्यावर काय टिकते

फल म्हणजे प्रत्येक पावलाला संख्येवर करायची कृती. क्ष² ऐवजी क्ष² + १ घेतले तर टप्पा ३, ४ आणि ६ जसेच्या तसे चालतात, टप्पा ५ मात्र पूर्ण रद्द होतो. मॉड्युलो १३ मध्ये हा फरक उघड दिसतो. ०→१→२→५→० असे चार लांबीचे चक्र येते, ४ आणि १० जागीच फिरतात, आणि वृक्ष असमान होतात : ० ला एक पान ८, १ ला काहीच नाही, २ ला एक पान १२, आणि ५ ला ११, ज्याच्याकडे ६ आणि ७ येतात. उरलेले ९ आणि ३ अनुक्रमे ४ आणि १० ला लागतात. १२ च्या अवयवांवरून यातले काहीही आधी सांगता आले नसते. दुसऱ्या टप्प्यातला बाक्यांच्या बेरजेचा ताळाही इथे थेट चालत नाही. तो १ मिळवण्याआधीच्या आकड्यांवर करावा.

जॉन पोलार्ड यांनी १९७५ साली मांडलेली अवयव शोधण्याची रो पद्धत याच अनियमितपणावर उभी आहे, आणि म्हणूनच तिच्यात मिळवायची संख्या ० किंवा −२ घेऊ नये असे सांगतात. ० घेतली तर आपण वर पाहिलेली शिस्तबद्ध रचना येते. क्ष² − २ मध्येही तशीच दडलेली रचना आहे, कारण य आणि त्याचा व्यस्त यांची बेरीज क्ष मानली तर क्ष² − २ ही य² आणि त्याच्या व्यस्ताची बेरीज होते, म्हणजे पडद्याआड पुन्हा वर्गच चालू असतो. मर्सेन संख्या (२ च्या घातातून १ वजा केलेल्या) मूळ आहेत का ते ठरवणारी लुकास-लेमर चाचणी हीच चाल वापरते. मॉड्युलो ३१ मध्ये ४ पासून ४→१४→८→० असे तिसऱ्या पावलाला शून्य येते, आणि ३१ म्हणजे २ च्या ५ व्या घातातून १ वजा; ५ − २ = ३ पावलांनी शून्य आले की संख्या मूळ.

क्ष² − २ साठी प्रोग्रॅम लिहिताना ० आणि १ पाशी उणे संख्या येते. सी आणि जावामध्ये तिची बाकीही उणेच मिळते, पायथनमध्ये ती अधिक होऊन येते. उणे बाकी आली की कोष्टकात नसलेल्या शिरोबिंदूकडे बाण जातो आणि खुडण्याची फेरी भलतीकडेच थांबते. म्हणून बाकी घेण्याआधी मॉड्युलस एकदा मिळवून घ्यावा.

प्रकल्पवहीतल्या प्रत्येक चित्राखाली फल, मॉड्युलस, शून्य धरले आहे की नाही, चक्रांच्या लांबींची यादी आणि खुडण्याच्या फेऱ्यांची संख्या एवढे लिहावे. तपासणारा सर्वांत आधी त्या यादीची बेरीज करून पाहतो.